ऑटोबूट स्वतःच थांबत होते: मोकळ्या केबलचा छडा आणि बदललेली कॉन्फिग

मित्रहो, टाकीच्या पातळीची नोंद ठेवणारा बोर्ड वीज जाऊन आल्यावर मधूनच का उठत नाही, याचे उत्तर अखेर सापडले. मागच्या नोंदीत मी ए-बी विभाग (प्रणालीच्या दोन प्रती, एक बिघडली तर दुसरी), बूटकाउंट (बूटच्या प्रयत्नांची मोजणी; मर्यादा ओलांडली की पर्यायी बूट आज्ञा चालते) आणि वॉचडॉग (वेळेत ‘किक’ मिळाली नाही तर बोर्ड रिसेट करणारा टायमर) यांची जुळणी पूर्ण झाल्याचे लिहिले होते आणि पुढची नोंद फाल्कन मोडवर (थेट लिनक्स चढवण्याच्या पद्धतीवर) असेल असे सांगितले होते. ती आता लांबणीवर पडली आहे. नेरूळच्या आमच्या सोसायटीत पंपघराचा पुरवठा जनरेटरवर गेला किंवा जनरेटरवरून परत आला की प्रत्येक वेळी बोर्ड नव्याने सुरू होतो, आणि त्यातल्या काही वेळा तो पूर्ण गप्प राहत असे. पुन्हा वीज तोडून जोडली की बहुधा सुरळीत चालू होत असे.

मांडणी बहुतेकांना ठाऊक आहे, तरी संदर्भासाठी थोडक्यात सांगतो. पॉकेटबीगल हा छोटा लिनक्स बोर्ड, त्यावर त्याच्या एएम३३५एक्स चिपसाठीच्या मूळ डेफकॉन्फिगवरून (पर्यायांच्या तयार फाइलवरून) बांधलेले यू-बूट २०२४.०१, म्हणजे वीज आल्यावर लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, आणि खाली विकत घेतलेला, पॉकेटबीगल ज्यावर बसतो तो कॅरियर बोर्ड. कॅरियरवर सिरियल कन्सोलसाठी (तारेवरून बोर्डाशी मजकुराने बोलण्याच्या सोयीसाठी) एक बफर, म्हणजे संकेत पुढे पोहोचवणारी चिप, आहे आणि तिथून साधारण एक मीटरची तीन तारांची चपटी केबल डब्याच्या दर्शनी बाजूच्या सॉकेटपर्यंत आणली आहे, म्हणजे डबा न उघडता लॅपटॉप लावता येतो. एरवी त्या सॉकेटला काहीही जोडलेले नसते.

या दोषाची सर्वांत त्रासदायक बाब अशी की पाहायला गेले की तो नाहीसा होत असे. लॅपटॉप लावून कितीही वेळा वीज तोडली तरी बोर्ड निमूटपणे लिनक्सपर्यंत पोहोचायचा. लॅपटॉप काढून घरी आलो की पुढच्या वीजबदलाला पुन्हा गप्प. संशय आधी पुरवठ्यावर होता, पण वीज परतताना ५ व्होल्टची रेघ स्वच्छ चढताना दिसली. एन्व्हायर्नमेंट (यू-बूटच्या जतन केलेल्या चलांचा, म्हणजे व्हेरिएबल्सचा, साठा) खराब झाले असते तर सीआरसीची (डेटा-तपासणीची) तक्रार सुरुवातीलाच छापली गेली असती, आणि लिनक्समधून वाचलेली चले जशीच्या तशी होती. मेमरी कार्ड बदलूनही फरक पडला नाही.

धागा मिळाला तो अनपेक्षित जागी. बोर्ड ज्या वेळी नीट सुरू झाला होता त्या काळातल्या फसलेल्या लॉगिनची यादी मी लास्टबी आज्ञेने सहज काढली, तर टीटीवाय-एस० वर, म्हणजे त्याच सिरियल कन्सोलवर, लॉगिनचे प्रयत्न नोंदलेले होते. त्या सॉकेटला त्या काळात काहीही जोडलेले नव्हते. वापरकर्त्याच्या नावाच्या जागी जे तुकडे होते त्यांतला एक होता ‘बिअन’ आणि दुसरा ‘लॉगइ’. म्हणजे बोर्ड स्वतःच छापलेला ‘डेबिअन’चा मथळा आणि ‘लॉगइन’ हा शब्द स्वतःच ऐकत होता, आणि गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्राम) त्यालाच नाव समजून पासवर्ड विचारत होती.

मग केबल जशी होती तशीच ठेवून लॅपटॉपच्या यूएसबी-सिरियल अडॅप्टरच्या फक्त दोन तारा जोडल्या: ग्राउंड आणि बोर्डाची टीएक्स (बोर्ड पाठवतो ती). बोर्डाकडे जाणारी आरएक्सची (बोर्ड ऐकतो ती) तार मोकळीच ठेवली. आता दोष डोळ्यांसमोर उभा राहिला. ऑटोबूटची (काही सेकंद कळेची वाट पाहून आपोआप लिनक्स सुरू करण्याची) ओळ छापली गेली, लगेच यू-बूटचा प्रॉम्प्ट (आज्ञेची वाट पाहणारी ओळ) आला आणि त्याखाली ‘अननोन कमांड’च्या ओळींमागून ओळी वाहू लागल्या. प्रत्येक ओळीतली तथाकथित आज्ञा म्हणजे आधीच्या ओळीचाच चुरा होता. अडॅप्टरची टीएक्स जोडताक्षणी प्रवाह थांबला, कारण ती तार बोर्डाची आरएक्स ३.३ व्होल्टवर धरून ठेवते. लॅपटॉप लावला की दोष का लपतो, ते तिथेच उलगडले.

कॅरियरवर भिंग धरून पाहिले. बफरच्या इनपुटशेजारी आर१४ असे छापलेले आहे आणि त्याखाली चकाकणारे, कथील लावलेले दोन पॅड आहेत. रेझिस्टर नाही. आराखड्यात तो १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे मोकळी रेघ वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवणारा रेझिस्टर, दाखवला आहे. बोर्डावर तो बसवलेलाच नाही. पुरवठादाराने तो वगळायला हरकत नव्हती, पण तसे आराखड्यावर लिहायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. यू-बूटच्या पिन मांडणीत आरएक्सला चिपमधला पुल-अप दिलेला असतो, म्हणून अनेकांना वाटेल की तेवढे पुरे आहे. पण तो बफरच्या पलीकडच्या, चिपच्या बाजूला आहे. बफरचे इनपुट त्यामुळे पूर्णपणे तरंगते राहते.

आता आकडे पाहू. १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तितके बिट) एक बिट सुमारे ८.६८ मायक्रोसेकंद टिकतो. एक मीटर चपट्या केबलमध्ये शेजारच्या दोन तारांमधली धारकता (कपॅसिटन्स) मी अंदाजे ५० पिकोफॅरड धरली. तरंगत्या इनपुटचा गळतीरोध मेगाओहमच्या घरात असतो, म्हणजे १ मेगाओहम धरला तरी कालांक (रोध गुणिले धारकता, म्हणजे उमटलेला ठसा ओसरण्याचा वेळ) ५० मायक्रोसेकंद येतो, जो बिटाच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे टीएक्सचा आकार आरएक्सवर बराचसा जसाच्या तसा उमटतो. तिथे १० किलोओहम आला की हाच कालांक अर्ध्या मायक्रोसेकंदावर येतो, आणि उरतात त्या फक्त कडांवरच्या बारीक टोच्या. बिटाच्या मध्यावर नमुना घेणारा यूएआरटी (चिपमधला सिरियल भाग) त्यांना भीक घालत नाही.

खात्रीसाठी लॉजिक अ‍ॅनालायझर लावला, तोच २४ मेगाहर्ट्झचा आठ वाहिन्यांचा स्वस्त तुकडा, पल्सव्ह्यू या सॉफ्टवेअरसह. इथे एक काळजी घ्यावी लागते. प्रोब बफरच्या इनपुटला लावली तर तिचाच रोध रेघेला खाली ओढतो आणि चित्र बदलते. म्हणून एक वाहिनी टीएक्सवर आणि दुसरी बफरच्या आउटपुटवर, म्हणजे चिपच्या बाजूला. वरच्या रेघेचे फाटके प्रतिबिंब खालच्या रेघेवर चालताना दिसले, आणि यूएआरटीचा डिकोडर लावल्यावर आरएक्सवरून चक्क ऑटोबूटच्या ओळीतली अक्षरे वाचता आली. या छंदात इतका निखळ आनंद देणारे क्षण फार येत नाहीत.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या ०८०५ आकाराच्या रेझिस्टरच्या पट्टीतला १० किलोओहमचा एक तुकडा आर१४ वर बसला, केबलमध्ये ग्राउंडची तार टीएक्स आणि आरएक्सच्या मधे घेतली, आणि दोष थांबला. हार्डवेअरची बाजू इथे संपली. पण मला खरे महत्त्वाचे वाटते ते यापुढचे, कारण हा दोष माझ्या सुरक्षेच्या तिन्ही थरांतून अलगद निसटला होता.

वॉचडॉग चालू होता. पण यू-बूट प्रॉम्प्टवर आज्ञेची वाट पाहत असताना स्वतःच वॉचडॉगला किक देत राहते, त्यामुळे त्याच्या लेखी सारे आलबेल होते. बूटकाउंट वाढला नाही, कारण बोर्ड पुन्हा सुरू झालाच नाही. आणि वीज तोडून जोडली की तो शून्यावर, कारण माझ्या बांधणीत तो आरटीसीच्या (चिपमधल्या घड्याळाच्या) स्क्रॅच रजिस्टरमध्ये राहत होता. वीज पूर्ण गेली की त्यातली खूणच नाहीशी होते आणि ड्रायव्हर शून्य परत देतो. पर्यायी बूट आज्ञेपर्यंत प्रकरण कधी पोहोचलेच नाही.

चौथा थर कॉन्फिगमध्येच होता. एएम३३५एक्सच्या डेफकॉन्फिगमध्ये ‘कीड’ (keyed) ऑटोबूट आधीपासून चालू आहे. म्हणजे कोणतीही कळ चालत नाही, ठरलेलीच लागते. ती ठरलेली कळ म्हणजे स्पेस, आणि डिले या दुसऱ्या, ऑटोबूट थांबवणाऱ्याच शब्दासाठी ‘डी’. आता छापली जाणारी ओळ पाहा: ‘प्रेस स्पेस टू अबॉर्ट ऑटोबूट इन २ सेकंड्स’. या इंग्रजी ओळीत स्पेस अनेकदा येते आणि शेवटच्या शब्दात ‘डी’ही आहे. ज्या बोर्डाला स्वतःचा आवाज ऐकू येतो, त्याला ही ओळच कळ दाबून देते. बाहेरच्या विस्कळीत गोंगाटाविरुद्ध एका अक्षराची कळ बरी. प्रतिध्वनीपुढे ती निरुपयोगी आहे.

म्हणून बूट ऑप्शन्सच्या आतल्या ऑटोबूट विभागात पुढील बदल केले. थांबवण्याचा शब्द अनेक अक्षरांचा घेतला आणि तो ऑटोबूटच्या ओळीत, आवृत्तीच्या मथळ्यात किंवा एसपीएलच्या (यू-बूटच्या आधी चालणाऱ्या छोट्या भागाच्या) छापील मजकुरात कुठेही येणार नाही याची खात्री करून घेतली. तो कोणता, हे ओळीत लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, नाहीतर सगळे मुसळ केरात. शब्द ओळखताना यू-बूट शेवटची तेवढीच अक्षरे ताडून पाहते, त्यामुळे आधी कचरा आला तरी माणसाने नीट टाइप केलेला शब्द ओळखला जातो. शिवाय वाचन सुरू करण्यापूर्वी आधीचे इनपुट झटकून टाकण्याचा पर्यायही चालू केला.

बूटडिले (ऑटोबूटआधी कळेची वाट पाहण्याचे सेकंद) उणे २ करून विषयच संपवावा, अशी सूचना वाशीच्या एका स्नेह्याने केली. त्यात कळ तपासलीच जात नाही, हे खरे. पण मग पंपघरात उभे राहून प्रॉम्प्ट मिळवायचा मार्ग उरत नाही, कार्ड काढून घरी आणावे लागते. शून्य ठेवले तर थांबत नाही, पण आधीच आलेले अक्षर तपासले जाते, आणि शब्द टाइप करायला माणसाला उसंत मिळत नाही. मी २ सेकंद कायम ठेवले आहेत.

हे लिहिता लिहिताच आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि काल बांधलेली कॉन्फिग पुन्हा उघडली. कीड ऑटोबूटमधले स्टॉप आणि डिले हे दोन शब्द दिसायला सारखे असले तरी बूट रिट्रायच्या बाबतीत त्यांचे वागणे वेगळे आहे. स्टॉपचा शब्द दिला की पुन्हा प्रयत्न करणे बंद होते. डिलेचा शब्द दिला की प्रॉम्प्ट मिळतो, पण ठरलेल्या वेळात आज्ञा आली नाही तर यू-बूट पुन्हा बूटकडे वळते. पंपघरातल्या बोर्डाला स्टॉपची गरजच काय? म्हणून स्टॉपचा शब्द काढून टाकला, फक्त डिलेचा ठेवला आणि बूट रिट्रायला पाच मिनिटे दिली. मी प्रॉम्प्टवर सोडून निघून गेलो तरी बोर्ड आपणहून कामाला लागेल. हश पार्सर (यू-बूटचा आज्ञा वाचणारा भाग) वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की त्याच्यासोबत ‘रिसेट टू रिट्राय’, म्हणजे बोर्ड रिसेट करूनच पुन्हा प्रयत्न करणे, सक्तीचे आहे. ते चालू नसेल तर कंपाइल करतानाच त्रुटी येते. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये हे पर्याय हेडर फाइलमध्ये लिहायला सांगतात, ते सोडून द्या. यू-बूटने २०१४ मध्ये केकॉन्फिग या पर्यायव्यवस्थेची वाट धरली आणि हे पर्यायही आता तिच्या मेन्युकॉन्फिग या यादीतच सापडतात.

एवढ्याने प्रतिध्वनीचा प्रश्न सुटत नाही, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. आज्ञेची ओळ आली, मग ती कचऱ्याची का असेना, की रिट्रायचे घड्याळ नव्याने सुरू होते. अखंड ‘अननोन कमांड’ वाहत असेल तर पाच मिनिटे कधीच भरणार नाहीत. तिथे कामाला येतात ते शब्दाची निवड आणि आर१४.

रिट्रायचा रिसेट बूटकाउंटही वाढवतो, हा त्याचा पुढचा परिणाम. आरटीसीतला आकडा असाच वाढत राहिला तर निरोगी ए विभाग सोडून बोर्ड विनाकारण बी कडे जाईल. म्हणून बूटकाउंट आता एन्व्हायर्नमेंटमध्ये हलवला आहे. तिथे ‘अपग्रेड अव्हेलेबल’ हे चल उभे असेल तरच आकडा वाढतो आणि जतन होतो. एरवी कार्डावर लेखनही होत नाही. अद्ययावत प्रतिमा टाकताना लिनक्समधून ते चल १ करायचे आणि नवा विभाग नीट चालला की पुन्हा ०. वीज गेली तरी आकडा राहतो, हा मोठा फायदा. त्यासाठी एन्व्हायर्नमेंटच्या दोन प्रती ठेवल्या आहेत, कारण लिहितानाच वीज जाणे हे आमच्याकडे पावसाळ्यात नित्याचे आहे.

अडॅप्टरविषयी दोन शब्द, कारण विचारणा झाली होती. माझा कल सीपी२१०२ ही यूएसबी-सिरियल चिप असलेल्या ३.३ व्होल्टच्या तुकड्याकडे आहे. ५ व्होल्टचा जंपर असलेले अडॅप्टर मी या बोर्डांजवळ ठेवतच नाही, कारण एएम३३५एक्सच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत आणि बफर नसलेल्या कॅरियरवर जंपर चुकीच्या बाजूला राहिला तर चिप गमवावी लागते.

फाल्कन मोड मी सोडलेला नाही. त्यात एसपीएल थेट कर्नल चढवते, त्यामुळे प्रॉम्प्टचा प्रश्न बाजूला पडतो; पण माझी ए-बी निवड पूर्ण यू-बूटमधल्या स्क्रिप्टमध्ये आहे, ती आधी एसपीएलमध्ये आणावी लागेल. शिवाय एएम३३५एक्सच्या फाल्कनमध्येही सिरियलवर ‘सी’ हे एक अक्षर आले की यू-बूट उघडते. पुन्हा एकच अक्षर. बोर्डाच्या त्या फाइलमधली ही तपासणी बदलण्याचा पॅच आधी लिहीन, मग फाल्कन.

त्याआधी कर्नलची बाजू हातावेगळी करायची आहे. सिरियल कन्सोलवर ब्रेक आणि त्यामागे लगेच ‘बी’ आला तर सिस्आरक्यू (कर्नलची आणीबाणीच्या आज्ञांची सोय) बोर्ड तत्काळ रिसेट करतो, आणि आरएक्सची रेघ खाली खेचली गेली की यूएआरटीला ब्रेकच दिसतो. पंपघरातल्या प्रतिमेत सिस्आरक्यू शून्य केला आहे आणि टीटीवाय-एस० वरची गेटी मास्क केली (सुरूच होणार नाही अशी बंद केली) आहे. लिनक्समध्ये शिरायला एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) पुरेसे आहे. आता आर१४ मुद्दाम काढून, केबल पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या तारांना समांतर टाकून नव्या कॉन्फिगची कसोटी घेणार आहे. तुमच्यापैकी कोणाच्या कॅरियरवर असाच बफर असेल तर आधी त्याच्या इनपुटचा पुल-अप प्रत्यक्ष बसवलेला आहे का ते मीटरने तपासा, आणि केबलची लांबी व तारांचा क्रम मला कळवा.