सरळ दिसणारा एक नंबरचा रॉड

एक नंबरचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनची ढकल फिरत्या क्रँकला देणारा दांडा, प्रेसखाली मुद्दाम मोडला, त्याला आता तीन आठवडे झाले. दोन्ही तुकडे अजून बाकावर आहेत. इंजिन गाडीत बसलं, सुरू झालं, मालकांनी पेढेही वाटले. पण त्या तुकड्यांवर जे दिसलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय.

गाडी एमजी टीसी. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला तयार झालेली दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार. कोल्हापूरला जुन्या गाडीचं अप्रूप आहे. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते, तेव्हा सोनं लुटायला आलेली निम्मी गर्दी गाडीच बघत असते. पण मेबॅक लांबून बघायची गाडी. टीसी पायाने आणि मनगटाने चालवायची. तिचं इंजिन एक्सपीएजी. चार सिलिंडर, बोअर ६६.५ मिमी, स्ट्रोक ९० मिमी, १२५० सीसी, ताकद साधारण ५४ हॉर्सपॉवर. आज एवढी ताकद छोट्या हॅचबॅकलाही कमी वाटेल, पण १९४५ साली तेवढ्याच सीसीत ती काढणं सोपं नव्हतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही गाडी मालकांच्या गॅरेजात बॉनेटपर्यंत पाण्यात होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेलं आणि बरेच दिवस हललं नाही. नुकसान पाण्याने केलंच, पण मोठं नुकसान पाणी ओसरल्यावर झालं. कुणीतरी सांगितलं, "जीपनं ओढा, गिअरमध्ये टाकून क्लच सोडा, सुरू होती बघा." ओढली. एक दणका बसला आणि चाकं जाम झाली.

पुरातून निघालेल्या कुठल्याही इंजिनाचे आधी सगळे प्लग काढायचे, मग ते हाताने फिरवायचं. कारण साधं आहे. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ७.२५ ला १. म्हणजे पिस्टन वर आला की हेडमध्ये जागा उरते फक्त ५० सीसी, चहाचा अर्धा कपसुद्धा नाही. इंजिन बंद पडताना ज्या सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात कार्बोरेटरवाटे पाणी शिरतं. ओढल्यावर व्हॉल्व्ह मिटतो आणि पाणी आत अडकतं. पाणी दबत नाही, रॉड वाकतो. नुसत्या स्टार्टरने बहुतेक वेळा इंजिन अडून थांबतं. ओढणाऱ्या जीपला ते कळत नाही.

पुढे काही वर्षं गाडी तशीच झाकून होती. माझ्याकडे इंजिन आलं तेव्हा मालकांची समजूत एवढीच होती की 'पिस्टन गंजून धरलेत.' ब्लॉक उलटा टांगून सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल निम्मं-निम्मं ओतून आठ दिवस ठेवला. नवव्या दिवशी क्रँक फिरला. हेड काढलेलं होतंच. मग पिस्टन बाहेर काढायच्या आधी ब्लॉकच्या माथ्यावर डायल गेज लावून प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर आणून उंची मोजली. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि उद्यमनगरात, आमच्या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, दहातले नऊ मिस्त्री ते करत नाहीत. एक, दोन आणि चार नंबर एकमेकांच्या ०.०५ मिमीच्या आत. तीन नंबर ०.७ मिमी खाली. डोळ्याला दिसला नसता, पण रॉड वाकला होता.

खोलतानाच या इंजिनाची खोड सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच निघाला. नटबोल्टांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची आणि आटे मेट्रिक, तेही बारीक, १ मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांत १ मिमी अंतर. याचं मूळ असं : मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिसचा कारखाना घेतला. हॉचकिस ही फ्रेंच कंपनी, पहिल्या महायुद्धात मशिनगन बनवणारी. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण गिऱ्हाइकाकडचे पाने इंग्लिश, म्हणून डोकी व्हिटवर्थ. इंजिनाचा वंश पुढे बदलला तरी ही रीत राहिली. आपल्याकडे दुकानात मिळणारा ८ मिमीचा बोल्ट १.२५ पिचचा असतो. तो दोन आटे आत जातो आणि मग भोकच खातो. त्याहून वाईट म्हणजे ५/१६ यूएनएफ, इंची मापाचा बारीक आट्यांचा बोल्ट. त्याची जाडी ७.९४ मिमी आणि पिच १.०६, म्हणजे ८ बाय १ च्या इतक्या जवळ की बोटाने तीन-चार फेरे गोड फिरतो. नंतर जड होतो, आणि आपला माणूस म्हणतो "चालतंय की" आणि पान्याला पाइप लावतो.

या इंजिनात मला असे अकरा बोल्ट सापडले. त्यातला एक होता एक नंबरच्या रॉडचा पिंच बोल्ट.

एक्सपीएजीची गजन पिन, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन, बुशमध्ये मोकळी फिरत नाही. रॉडचं वरचं तोंड चिरलेलं असतं. पिंच बोल्ट आवळला की ते तोंड पिनेला घट्ट धरतं. पिनेच्या मधोमध खाच असते, बोल्ट तिच्यातून जातो. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रॉड व्हाइसमध्ये धरून बोल्ट आवळणं. असा जोर लावला की रॉडला पीळ बसतो. पिनेच्या दोन्ही टोकांना आधार देऊन पीन धरायची आणि मग आवळायचं, म्हणजे रॉडवर काही येत नाही. आणि हा बोल्ट पुन्हा वापरायचा नाही.

चारही रॉड घेऊन क्रॅक टेस्टिंगला गेलो, पण माझ्या मनात तपासायचा होता फक्त तीन नंबर. वाकलेला तोच होता. सरळ करता येईल का, एवढाच प्रश्न. तिथल्या ऑपरेटर मुलाने मला न विचारता चारही पुसून मशीनवर चढवले. "आण्णा, आलायसा तर सगळेच बघू, वेळ तेवढाच लागतोय." श्रेय त्याचं आहे, माझं नाही.

रॉडला चुंबकीय केलं, चमकणाऱ्या पावडरीचं पाणी सोडलं, अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला. तीन नंबर, वाकलेला, पूर्ण स्वच्छ. दोन आणि चार स्वच्छ. आणि एक नंबरवर, मी 'हा चांगला' म्हणून बाजूला ठेवलेल्या रॉडवर, पिंच बोल्टच्या चिरेच्या मुळाशी हिरवी रेघ. सहा मिलिमीटर.

मालकांना तीन नंबर सरळ करून हवा होता आणि बाकी तीन तसेच, कारण मूळ भाग राहावेत ही त्यांची इच्छा. ती मला मान्य असते. डायनॅमोवरचा जुना बिल्ला बदलू नये असं मलाही वाटतं. पण मिनिटाला पाच हजार वेळा ओढ-दाब खाणारा भाग आणि बिल्ला यांत फरक आहे. थंड सरळ केलेला रॉड मी कधीच परत घालणार नाही. वाकताना एक बाजू ताणलेली असते, सरळ करताना तीच दाबली जाते, आणि चीर पडते ती नंतर, रस्त्यावर. शेवटी इंग्लंडहून नवे फोर्ज केलेले चार रॉड आले, बुश असलेले, सर्क्लिपने पीन धरणारे. त्याला जुळणारे पिस्टन. खर्च जबर झाला. मालक दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

रॉडचं वजन गुजरीत केलं. कारखान्यातल्या काट्यांवर माझा भरवसा नाही, सोनाराच्या काट्यावर आहे. नुसतं एकूण वजन बघून भागत नाही. रॉड आडवा टांगून एकदा मोठ्या टोकाचं आणि एकदा लहान टोकाचं वजन करायचं, कारण मोठं टोक फिरतं आणि लहान टोक वर-खाली होतं. दोन्ही टोकं चारही रॉडांत अर्ध्या ग्रॅमच्या आत आणली.

ब्लॉकला गंजाचे खड्डे होते, तीन नंबरच्या भिंतीत पाण्याची पातळी जिथे थांबली तिथे गोल रेघच. चारही सिलिंडरना आतून ड्राय स्लीव्ह, म्हणजे नव्या भिंतीच्या नळ्या, घातल्या, ०.०५ मिमी टाइट. बोअर ६६.५ ला आणून ४५ अंशांच्या जाळीने होन केलं. रिंगची फट बोअरमध्ये सरळ बसवून ०.२५ मिमी. क्रँक आधीच तीस थाऊ (इंचाचे हजारांश) अंडर, म्हणजे घासून बारीक केलेला होता, सुदैवाने गोल होता. क्रँक जिथे बेअरिंगमध्ये फिरतो त्या मेन जर्नलवर प्लास्टिगेजने, म्हणजे दाबून फट मोजायच्या मऊ दोऱ्याने, ०.०५ मिमी फट मिळाली. ५२ मिमीच्या जर्नलला तेवढी हवी. हे सगळं मशीनकाम उद्यमनगरात झालं, चांगलं झालं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून जगभर ब्लॉक जातात. आपल्याकडे मायक्रॉनचं काम करणारे हात आहेत. फक्त एकच नग असला की त्याच हातांना घाई होते.

जुळणी मात्र घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्येच केली. उद्यमनगरात हवेतच बिडाची पूड असते, नव्या बेअरिंगला ती वाळूसारखी. त्याआधी ब्लॉकच्या तेलवाटांची टोकांची बुचं काढली. प्रत्येक वाटेतून पुराचा गाळ निघाला, वाळून विटेसारखा झालेला. तार, रायफल साफ करायचा ब्रश, गरम साबणपाणी, मग कॉम्प्रेसर, आणि पांढऱ्या फडक्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा तेच. दोन रविवार यातच गेले. नुसती डिझेलची फवारणी करून ब्लॉक 'धुतला' म्हणणाऱ्यांचे बेअरिंग पाचशे किलोमीटरमध्ये का जातात, ते या गाळात आहे.

हेडचं पॅकिंग मागवताना पाण्याची भोकं बघून मागवायची. टीसीच्या ब्लॉकला लांबट भोकं असतात, नंतरच्या इंजिनांना गोल. दोन्ही पॅकिंग एक्सपीएजीचीच म्हणून विकली जातात. हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत, शेवटी ४२ फूट-पौंड. टॅपेटची फट ०.०१९ इंच, इंजिन गरम असताना.

आणि तेलपंप. या इंजिनाचा पंप ब्लॉकच्या बाहेर, कुशीला, संपमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्यातल्या, तेलाच्या वर बसतो. इंजिन बरेच दिवस उभं राहिलं की पंपातलं तेल खाली उतरतं आणि पंप नुसती हवा फिरवतो. नवीन जुळणीत तर तो कोरडाच. म्हणून गिअर व्हॅसलिनमध्ये भरून बसवले. शिवाय उसाला फवारणी करायचा पंप आणला, अगदी नवा, औषध कधी न घातलेला. त्यात २०डब्ल्यू-५० तेल उन्हात ठेवून पातळ करून भरलं आणि प्रेशर गेजच्या जोडावरून तेलवाटांत ढकललं. दुसऱ्या माणसाने प्लग काढलेलं इंजिन हाताने हळू फिरवत राहायचं. रॉकर शाफ्टवर चारही बाजूंनी तेल पाझरलं तेव्हा थांबलो. मग स्टार्टर दिला, सात सेकंदांत तेलदाबाचा काटा उठला. प्लग लावले, सुरू केलं, लगेच दोन हजारावर नेऊन वीस मिनिटं तिथेच. कॅम आणि टॅपेट नवे असताना आयडलवर सोडलं की कॅमची नाकं झिजतात. मालकांना तो आवाज सहन होत नव्हता, पण मी पाय काढू दिला नाही.

मागच्या टोकाला तेल थोडं गळतं. तिथे रबरी सील नाही, क्रँकवर कोरलेली उलटी चाकोरी तेल परत आत ढकलते, आणि ती फिरत असतानाच. गाडी चढावर तोंड करून उभी केली की चार थेंब पडणारच.

त्यानंतर एक नंबरचा रॉड प्रेसखाली मोडला. चीर किती जुनी ते बघायचं होतं. चीर उघडल्यावर तीन रंग दिसले. बाहेरच्या कडेला बारीक तांबूस पट्टा, पुराच्या पाण्याचा गंज. त्याच्या आत, चिरेच्या बहुतेक भागात, काळपट चमक, भाजलेल्या तेलाची. आणि उरलेली जागा राखाडी चकचकीत, आत्ता प्रेसने मोडलेली. तेल भाजतं ते इंजिन चालताना. म्हणजे पुराच्या आधीच चीर होती आणि इंजिन तिच्यासकट चालत होतं. पिंच बोल्टच्या भोकात चुकीच्या आट्यांनी खाल्लेल्या धातूची चुरा-चुरा झालेली कड अजून दिसते. कुणाच्या हाताने, कुठल्या वर्षी, ते कळायला मार्ग नाही. सत्तर वर्षांत किती हात लागले असतील.

पूर आला नसता, जीपने ओढलं नसतं, तीन नंबर वाकला नसता, तर हे रॉड तपासायला गेलेच नसते. आणि मी स्वतः चार वर्षांपूर्वी असंच एक इंजिन जुळवलंय, कऱ्हाडच्या एका गाडीचं. त्यात चारही रॉड सरळ होते. तपासले नव्हते. त्यांना फोन केलाय, गाडी बंद ठेवायला सांगितलीय, पुढच्या सोमवारी संप उघडणार आहे.

मालक परवा तुकडे बघायला आले. भिंग धरून काळा भाग बराच वेळ बघितला. मग विचारलं, "पुराच्या आधी दिवाळीत पन्हाळ्याला गेलो होतो, घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चढवली होती. बायको-पोरगं बरोबर. तेव्हा हे असंच होतं?"

"होतं," मी म्हणालो.

तीन नंबर त्यांनी घरी नेला, शोकेसमध्ये ठेवायला. एक नंबर नको म्हणाले.