नगरचं टँक म्युझियम

काल पोरांना घेऊन सोलापूरहून करमाळामार्गे नगरला गेलो, टँक म्युझियम दाखवायचं लई दिवसांपासून मनात होतं. रोल्स रॉईसची चिलखती गाडीपण आहे तिथं, पोरं तिथंच अडकली, पण मी सेंच्युरियनपाशी थांबलो ते थांबलोच. असल्याच रणगाड्यातून पूना हॉर्स या लष्करी रेजिमेंटचे अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात बसंतरच्या लढाईत लढले, रणगाडा पेटला, मागं यायचा हुकूम आला तरी तोफ अजून चालतीय म्हणून हटले नाहीत अन् तिथंच शहीद झाले. वय फक्त २१ ओ! दुसऱ्याच दिवशी युद्ध थांबलं. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पोराला हे सांगताना माझाच आवाज जड झाला. सोलापूरकरांनो, सुट्टीत लेकरांना घेऊन नक्की जावा अन् नुसते फोटो काढत फिरू नका, पाट्या वाचा.