निळीचे हिरवे झाड

दुपारी निळीच्या झाडाचे शेंडे खुडत असताना दोन पाने सहज बोटांत चुरडली गेली आणि या झाडाच्या साळसूदपणाचे पुन्हा एकदा नवल वाटले. बारीक पर्णिका, लहानशी गुलाबी फुले, किंचित बाकदार शेंगा, एवढाच त्याचा थाट. निळ्या रंगाचा मागमूसही त्याच्या अंगावर नसतो. पान वाळू लागल्यावर त्यावर काळपट निळी झाक येते, तेव्हा कुठे शंका यावी.

लहानपणी आत्या माठात नीळ आंबवत असे. त्या माठाचा वास घरात कोणालाच सोसत नसे, आणि मी मात्र नाक दाबून तिथेच घोटाळत असे. कापड बाहेर निघाले की ते पिवळट हिरवे दिसे, रंग बिघडला असे समजून मी कळवळून ओरडलो, तर आत्या म्हणे, "हात लावू नकोस, त्याला वारा खाऊ दे." मग काठांकडून, घड्यांच्या कडांवरून निळाई पसरू लागे. ही सारी करामत हवेतल्या प्राणवायूची असते, हे पुढे शाळेत कळले. पाने पाण्यात भिजवली की त्यांतले इंडिकन हे रंगहीन द्रव्य सुटून विघटित होते आणि ते पाणी घुसळले की नीळ तळाशी बसते. ती पाण्यात विरघळत नाही म्हणून माठात आंबवून तिला विरघळणारे रूप द्यावे लागते, आणि कापडावर प्राणवायू मिळाला की ती पुन्हा निळी होते. रंग पक्का करायला तुरटीची गरज नाही. गडद रंग हवा असेल तर एकदाच फार वेळ बुडवून उपयोग नाही, पुन्हा पुन्हा बुडवायचे आणि दर खेपेला वाऱ्यावर धरायचे. एवढे करूनही रंग धाग्याच्या गाभ्यात फारसा शिरत नाही. जीन्स गुडघ्यांवर विटते ती त्यामुळेच, आणि मला तरी ती विटलेलीच आवडते.

बियांचे कवच टणक असते; रात्रभर भिजवल्या की त्या बऱ्या रुजतात. पुढे झाडाला भरपूर ऊन लागते, आणि शेंगाकुळातले असल्याने ते मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्रही देते. माझी अडचण निराळीच आहे. रंगासाठी पाने घ्यायची ती फुलोरा येऊ लागताच, आणि फुलू पाहणारे झाड कापायला माझा हात धजत नाही. परिणामी माझ्याकडे शेंगा उदंड आणि रंग बेताचा.

औषध म्हणून निळीची कीर्ती जुनी आहे. केसांसाठी माक्याबरोबर तिचे तेल काढतात. पांढऱ्या केसांना आधी मेंदी आणि मग नीळ लावली तर ते काळे दिसतात, मात्र भिजवलेली भुकटी फार वेळ ठेवली की तिचा जोर जातो. 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या काळ्या मेंदीत कधीकधी पीपीडी हे रसायन मिसळलेले असते आणि ते काहींच्या त्वचेला भाजून काढते, म्हणून मी पुडीपेक्षा पानावर विश्वास ठेवतो. पोटात घेण्याच्या बाबतीत तोही ठेवत नाही: जपानमध्ये आतड्यांच्या विकारावर निळीची पूड घेणाऱ्या काहींच्या फुफ्फुसांतील धमन्यांचा रक्तदाब वाढल्याचे आढळले आहे.

कापावे की फुलू द्यावे, हा घोळ मी हौसेने घालतो. बिहारातल्या चंपारणच्या कुळांना तो घालण्याची मुभा नव्हती. बिघाभर जमिनीतल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे, अशी मळेवाल्यांची सक्ती होती. 1897 मध्ये जर्मनीतली कारखान्यातली नीळ बाजारात आली, झाडाच्या निळीचे भाव कोसळले, आणि मळेवाल्यांनी कुळांना त्या अटीतून मोकळे केले ते वाढीव खंड किंवा रोख रक्कम वसूल करूनच. गांधीजी 1917 मध्ये तिथे पोहोचले तेव्हा चौकशीत हीच वसुली पुढे आली.