स्टोअरमध्ये फोडलेलं पाकीट

मॅग्नेटाइटची, म्हणजे लोहाच्या एका चुंबकीय ऑक्साइडची, फिल्म (अतिपातळ थर) वाढवायला मॅग्नेशियम ऑक्साइडचा सबस्ट्रेट (थराखालचा आधाराचा स्फटिक) घ्यायचा, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मॅग्नेटाइटचा युनिट सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा चौकोनी घटक, ८.३९६ अँगस्ट्रॉमचा, मॅग्नेशियम ऑक्साइडचे दोन सेल मिळून ८.४२४. फरक जेमतेम ०.३ टक्के, म्हणून थर नीट जुळून बसतो. कोटेशन, टार्गेट (लेसरने जिचं द्रव्य उडवून फिल्म करतात ती चकती), लेसर, सगळं वेळेत झालं. अडलं ते स्टोअरमध्ये.

सबस्ट्रेटचं पाकीट जुलैत आलं, सीलबंद. "मोजल्याशिवाय एन्ट्री होत नाही मॅडम," म्हणून स्टोअरवाल्यांनी ते कात्रीने फोडलं, दहा तुकडे मोजले आणि एका सहीसाठी दीड महिना कपाटात ठेवलं. मी एक दिवसाआड खेटे घालत होते. "साहेब रजेवर आहेत." बाहेर पावसाची झड. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतलं बाष्प धरतो, पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड बसतं. हातात आले तेव्हा तुकडे काचेसारखे स्वच्छ दिसत होते, त्यामुळे मला शंकाही आली नाही.

थंड करत नेलं की १२० केल्विनच्या आसपास मॅग्नेटाइटचा रोध एकदम उसळतो. तेच व्हर्वे संक्रमण. माझ्या आलेखात उसळी नव्हतीच, रेघ नुसती चढत गेली. मी ऑक्सिजनचा दाब बदलला, टार्गेट पुन्हा घासलं, तीन महिने घालवले. शेवटी कोरा सबस्ट्रेट एएफएमखाली (पृष्ठभागाचे उंचवटे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) ठेवला तर सगळीकडे पुटकुळ्या! पहिलाच थर अशा जागेवर बसला की वरचे सगळे थर तीच खोड उचलतात. अजूनही ते कपाट आठवलं की संताप होतो.

उरलेले तुकडे ऑक्सिजनमध्ये ६०० अंशांवर दोन तास तापवले. काही सुधारले, काही गेलेच. फिल्म वाढवताना मात्र तापमान ३५० अंशांच्या आत ठेवा, नाहीतर सबस्ट्रेटमधलं मॅग्नेशियम फिल्ममध्ये शिरतं. आणि हो, सबस्ट्रेट पाण्याने धुऊ नका. अ‍ॅसिटोन, मग आयसोप्रोपॅनॉल. सबस्ट्रेट चांगला असूनही मोठ्या चुंबकीय क्षेत्रात फिल्म संपृक्त, म्हणजे पूर्ण चुंबकित, होत नसेल, तर घाबरू नका. फिल्मचा सेल सबस्ट्रेटच्या दुप्पट असल्यामुळे फिल्मची शेजारची बेटं अर्ध्या सेलने सरकून जुळतात आणि त्या सीमांवर चुंबकत्व अडतं. हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

पुढच्या इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) मी लाल शाईने 'पाकीट उघडू नये' लिहिलं, सरांची सही घेतली आणि माल आला त्या दिवशी काउंटरवर स्वतः उभी राहिले. मोजणी पॅकिंग लिस्टवरून झाली. पाकीट तसंच डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या डब्यात) गेलं, फोडलं ते फिल्म करायच्या दिवशी.

त्या फिल्मचा रोध ११८ केल्विनला उसळला. रात्रीचा एक वाजला होता. मी सॅम्पल पुन्हा गरम करून दुसऱ्यांदा मोजलं, तरी तिथेच.