आठ चिमटे

शिल्पाचा आकार कागदावर साधा होता. चार सांधे, सहा फांद्या, आणि प्रत्येक सांध्यात तीन फांद्या प्रवाळासारख्या एकमेकींत विरघळलेल्या. माझ्या कॉम्प्युटर स्क्रिप्टने 240 चौकोनांची मेश, म्हणजे पृष्ठभागाचं जाळं, बांधून दिली; कॅटमुल-क्लार्क सबडिव्हिजनने, म्हणजे प्रत्येक चौकोनाचे चार करत, ती मऊ केली. लांबून पाहिलं तेव्हा फार समाधान वाटलं.

मग झेब्रा पट्टे लावले. पृष्ठभागावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब पाडायचं आणि ते कुठे अडखळतं ते बघायचं, अशी ही तपासणी. फांद्यांवरून पट्टे सुरेख वळत आले आणि प्रत्येक सांध्याच्या ऐन मध्यावर, पुढून एक आणि मागून एक, चिमट्यात धरल्यासारखे गोळा झाले. शिल्पावर बोट फिरवणाऱ्याला ते जाणवलंच असतं.

दुपारपर्यंत मी ते चिमटे घालवायच्या मागे होतो. आणखी सबडिव्हिजन केलं: 960, 3840, 15,360 चौकोन. चिमटे लहान झाले, पण आठच्या आठ जागेवर. प्रत्येक बिंदूला शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढणारं स्मूदिंग लावलं, तर फांद्याच रोडावल्या. माझ्या मते सगळ्यात वाईट उपाय हाच. आकाराचा जीव जातो.

शेजारी बसणाऱ्या सीनियर ताईंनी डोकावून पाहिलं. "अरे, घालवतोयस काय? आधी मोज तरी."

मोजलं. 236 शिरोबिंदू, 480 कडा, 240 चौकोन. शिरोबिंदूंतून कडा वजा करून चौकोन मिळवले की उरतात उणे 4. माझ्या आकारासारख्या तीन भोकांच्या आकाराला ऑयलरच्या सूत्राने हेच यायला हवं. आणि मेश नुसत्या चौकोनांची असेल, तर प्रत्येक बिंदूवर चारपेक्षा जास्त किंवा कमी असलेल्या कडांचा हिशोब याच्या चौपट, म्हणजे 16 जादा कडांचा, लागलाच पाहिजे. माझे आठही बिंदू सहा कडांचे होते. आठ दुणे सोळा. चिमटे ही चूक नव्हती, त्या आकाराचं देणं होतं. ते कुठे आणि किती हप्त्यांत फेडायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

प्रत्येक सहाच्या बिंदूतून चौकोनांची एक नवी पट्टी आरपार नेली, म्हणजे त्याचे पाच-पाच कडांचे दोन बिंदू झाले. ते मध्यावरून हलवून फांद्यांच्या बेचक्यांकडे सरकवले. बेचक्यात पृष्ठभाग खोगिरासारखा दोन दिशांना उलटसुलट वाकतो; जादा कड तिथे मुरते. हे हाताने केलं असतं तर आकाराची मापं बदलणारा स्लायडर पुढच्या वेळी हलताच पुसलं गेलं असतं, म्हणून नियमच स्क्रिप्टमध्ये लिहिला. त्यात संध्याकाळ गेली.

शेवटी फांद्यांच्या जाडीचा स्लायडर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ओढला. फांद्या फुगत गेल्या, सांधे भरत गेले आणि पट्टे चारही सांध्यांवरून न अडखळता बेचक्यांत उतरत राहिले. ताईंना हाक मारली. त्यांनी स्लायडर स्वतःच्या हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून ओढला.