पाणी वेळून टाकलेली भाजी

मूत्रपिंडाचे काम मंदावल्याने सासऱ्यांच्या रक्तातील पोटॅशियम 5 च्या (मिलिमोल प्रति लिटर) पुढे जाऊ लागले आणि डॉक्टरांनी आहारात पथ्य सांगितले, तेव्हा ‘आता भाज्या बंदच करा’ हा सल्ला नातेवाइकांकडून सर्वांत आधी आला. तो मला मान्य नाही. मूत्रपिंड मंदावल्यावर पोटॅशियमचा नेहमीपेक्षा मोठा वाटा शौचावाटे बाहेर पडतो आणि पोट साफ राहण्यासाठी भाजीतला चोथा लागतोच. शिवाय हे पथ्य मूत्रपिंडाच्या प्रत्येक रुग्णाला लागू नसते; ते रक्ताचा अहवाल आणि चालू औषधे पाहून ठरते.

खरा प्रश्न भाजी कोणती, याइतकाच ती शिजवायची कशी, हा आहे. आपल्याकडे झाकणावर पाणी ठेवून, भाजी तिच्या अंगच्या पाण्यात शिजवणे ही सुगरणीची खूण मानली जाते आणि उकडलेल्या भाजीचे पाणी आमटीत घालणे हा काटकसरीचा संस्कार असतो. पोटॅशियम पाण्यात विरघळते, त्यामुळे या दोन्ही चांगल्या सवयी इथे नेमक्या उलट्या पडतात. 100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. साल काढून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी वेळून टाकले, तर त्यातले साधारण निम्मे निघून जाते. मात्र अख्खा बटाटा कुकरमध्ये सालासकट वाफवला, किंवा चिरून रात्रभर नुसता गार पाण्यात ठेवला, तर फारसा फरक पडत नाही. वेळताना काही जीवनसत्त्वेही जातात, पण या पथ्यात तेवढी किंमत मोजावी लागते.

दुधी, कोबी आणि काकडी यांत मुळातच पोटॅशियम कमी असल्याने आमच्याकडे त्यांची पाळी वारंवार येते. सुरण, रताळे, शेवग्याच्या शेंगा क्वचित, तेही वेळूनच. पालकाबाबत फसगत होते ती मापामुळे: शिजल्यावर पाला इतका आक्रसतो की एका वाटीत जवळजवळ अख्खी जुडी मावते. (कमी पोटॅशियमची भाजीही दोन-तीन वाट्या खाल्ली की ती कमी पोटॅशियमची राहत नाही, हे सासऱ्यांना पटवणे सर्वांत अवघड गेले.)

फोडणी देताना हात आखडता घ्यावा लागतो तो दाण्याच्या कुटाबाबत आणि सुक्या खोबऱ्याबाबत, कारण दोन्हींत पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर असते आणि वेळून कमावलेले मूठभर कुटात परत जाऊ शकते. चव कांदा, लसूण, हिंग आणि लिंबाच्या चार थेंबांनी आणता येते. टोमॅटोची प्युरी आटवलेली असल्याने ती आम्ही वापरत नाही. आणि रक्तदाबासाठी म्हणून विकले जाणारे कमी सोडियमचे मीठ तर घरात आणूच नये. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइडच घातलेले असते.