सोसायटीच्या वकिलाची फी विकासकाने द्यायची असेल तर

पुनर्विकासाच्या वाटाघाटीत मुंबई-पुण्यातील अनेक सोसायट्या एक अट घालतात: सोसायटीच्या वकिलाची फी विकासकाने द्यावी. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांकडून वर्गणी काढण्यापेक्षा हे न्याय्यच आहे, असे मला वाटते; पण आमच्या कराराच्या मसुद्यात ही अट एका ओळीत उरकलेली पाहून काळजी वाटली.

फी कोणीही भरली, तरी वकिलाचा पक्षकार सोसायटीच राहिला पाहिजे. त्यासाठी नेमणूक सर्वसाधारण सभेच्या ठरावाने व्हावी, बिल सोसायटीच्या नावे यावे आणि विकासकाने रक्कम सोसायटीच्या खात्यात आगाऊ जमा करावी. वकील आणि विकासक यांच्यात थेट देवघेव सुरू झाली, तर एखाद्या कलमावर अडून बसणाऱ्या वकिलाचेच बिल रखडू शकते, आणि हा दबाव सभासदांना दिसतही नाही.

त्याहून अवघड प्रश्न पुढच्या वादांचा आहे. एखादा नाराज सभासद कोर्टात गेला आणि विकासकाने नुकसानभरपाईची हमी दिलेली असली, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२५ नुसार सोसायटीला दाव्याचा खर्च विकासकाकडून वसूल करता येतो. मात्र तिने दावा शहाणपणाने लढवलेला आणि विकासकाच्या आदेशाविरुद्ध न गेलेला असावा, किंवा त्याची संमती घेतलेली असावी. म्हणूनच वकील कोण निवडणार आणि तडजोड कोण ठरवणार, हे करारातच लिहिलेले हवे.

वाद खुद्द विकासकाशी झाला, तर चित्र पालटते. असा वाद लवादाकडे, म्हणजे न्यायालयाऐवजी दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या निवाडा करणाऱ्याकडे गेला, तर लवाद कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१अ प्रमाणे, निकाल काहीही लागो, लवादाचा खर्च अमुकच पक्ष देईल असा करार वाद उद्भवल्यानंतर केला असेल तरच वैध ठरतो. त्यामुळे ‘सर्व कायदेशीर खर्च विकासकाचा’ हे आधीच लिहिलेले वाक्य तिथे टिकत नाही. न्यायालय पूर्ण खर्च मिळवून देईल, या भरवशावरही राहू नये: एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ४५ लाखांहून अधिक खर्च मंजूर केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द करून नियमांच्या मर्यादेत आणला.

म्हणून मी समितीला लेखी सुचवले आहे, की घरे रिकामी करून देण्यापूर्वीच विकासकाकडून मिळणाऱ्या कॉर्पसमधील (एकरकमी निधीतील) काही रक्कम केवळ न्यायालयीन खर्चासाठी सोसायटीच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी.